मयत क्रमांक पाच

कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी उपटायच्या दिवसांत चंदाला सरकारचं उत्तर आलं. पोस्टमन शेतात शिरला नाही. त्यानं पाकीट रस्त्यावरच शेतमालक पंजाबराव गावंड्यांच्या हाती दिलं, सही घेतली आणि मोटरसायकल हिवरखेडकडे वळवली. पंजाबराव पाकीट उलटंसुलटं करत धुऱ्याच्या बांधानं आले.

"चंदाबाई, तुमचं कोनतं काम निंघालं सरकारात?"

चंदानं हातातला चिमटा सोडला नाही. लोखंडी चिमट्याच्या तोंडात पऱ्हाटीचा बुंधा मुळाशी धरायचा आणि दांडा खाली दाबायचा. जमीन ओली असली तर झाड सहज येतं. या वर्षी दिवाळीनंतर पाण्याचा थेंब नव्हता. काळी माती तडकून इतकी कडक झाली होती, की प्रत्येक झाडाला दांड्यावर सगळं अंग टाकावं लागत होतं. सत्तावन्न वर्षांचं, हलकं अंग. एकदा टाकून झाड हललं नाही, तर दुसऱ्यांदा.

"राशनचं असंन," ती म्हणाली.

"राशनचं पत्र रजिस्टर पोस्टानं येते होय?" पंजाबराव हसले. त्यांनी पाकीट तिच्या डब्यावर ठेवलं आणि उडू नये म्हणून वर एक ढेकूळ ठेवलं.

निंबाच्या सावलीत त्यांची आई, पार्वताबाई, बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईला शेतात काही काम नव्हतं, तरी चंदा मजुरीला असली की ती येऊन बसे. तिनं पाकिटाकडे पाहिलं, चंदाकडे पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"पानी पेऊन घे वो चंदे," ती म्हणाली. "पाकीट कुठी पयून चाललं नाई."

चंदानं सुट्टी होईपर्यंत पाकिटाला हात लावला नाही.

घर विहाराच्या मागच्या ओळीत, दोन खोल्यांचं. ओसरीत बाजेवर तिचे वडील देवमन तायडे बसलेले असत. वय ऐंशी. बारा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले, आता उजव्या कानाशी ओरडून बोललं तर थोडं पोचे. ओरडून सांगण्यासारख्या गोष्टी थोड्याच असतात. जेव. गोळी घे. पाणी आलं. घरात दिवसाकाठी वीस-पंचवीस शब्द होत, आणि ते सगळे शेजाऱ्यांना ऐकू जात.

तिनं चुलीजवळ बसून पाकीट फोडलं. आत तिच्याच अर्जाची प्रत होती, तिच्या सातवी पास अक्षरातली. 'माझी आई मनकर्णा देवमन तायडे ही १९७३ च्या दुष्काळात खापरी नाल्याच्या सरकारी कामावर होती काय? असल्यास ती तेथून कोठे गेली?' सोबत उत्तर. 'आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असून ती अधिनियमातील माहिती या व्याख्येत बसत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

तिनं ते तीनदा वाचलं. विहारात एका शिक्षकानं माहितीच्या अधिकाराबद्दल सांगितलं होतं, तेव्हा तिला वाटलं होतं की आपण विचारायचं आणि त्यांनी सांगायचं.

"काय लिवलं?" बाजेवरून देवमननं विचारलं.

तिनं हात हलवून दाखवला. काही नाही.

गाव सांगे ते एवढंच. दुष्काळात देवमन वीटभट्टीवर दूर गेला होता, पाच वर्षांची चंदा आजीजवळ होती, मनकर्णा खापरी नाल्यावर कामाला जाते म्हणून गेली आणि आली नाही. देवमन तिथं जाऊन आला. हजेरीच्या मस्टरवर मनकर्णा नावाची बाईच नव्हती. मग बाई गेली कुठं? कोण्या मुकादमासोबत पळाली. हे वाक्य चंदाच्या आधी सगळीकडे पोचत असे. अठराव्या वर्षी ती अंजनगाव सुर्जीला नांदायला गेली, तिथंही पोचलं होतं. एकदा बाजारातून यायला तिला उशीर झाला, तेव्हा सासूनं दारातच विचारलं, "मायच्या वाटेनं गेल्ती का?" दोन वर्षांत ती परत आली. देवमननं तेव्हाही काही विचारलं नाही. बाजेवर सरकून जागा केली.

आईची एकच गोष्ट चंदाजवळ होती. धुळीच्या रस्त्यानं चालताना तिच्या मुठीत आईची करंगळी असे आणि ती करंगळी लवकर संपे. वरचं पेर नव्हतं, टोक गुळगुळीत होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, बापालाही विचारलं नव्हतं. तो मनकर्णाचं नाव निघालं की उठून बाहेर जाई. त्यामुळे ती करंगळी खरी होती की लहानपणी रचलेली, याची खात्री करून घ्यायला मार्ग नव्हता. बापाला डिसेंबरात दोनदा छातीत कळ येऊन गेली होती. तो जायच्या आत त्याला काहीतरी पक्कं सांगायचं होतं. पळाली असेल, तर तेही.

पुढच्या सोमवारी तिनं मजुरी पाडली. हिवरखेडहून एसटीनं अकोट, अकोटहून अकोला. ऑफिसात तिला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं. एका साहेबानं पत्र न वाचताच बाजूला सारलं, "लिहून दिलं ना उत्तर? मंग?" शेवटी दुपारी ती अभिलेखाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत माधवी नावाची पस्तिशीतली कारकून डबा खात होती.

"बसा मावशी. उन्हातून आल्या. पत्र दाखवा." तिनं डाव्या हातानं पत्र धरून वाचलं. "अशानं नाही भेटत. सरकारले प्रश्न नाही विचारायचा. सरकारजवळ उत्तर नसते, कागद असते. कागद मागायचा."

"कोनता?"

"तेच त पाहू." हात धुऊन तिनं एक लांब सूची काढली आणि धूळ झटकली. बोट खाली खाली नेत थांबली. "खापरी नाला. मातीचा काठ कोसळून झालेला अपघात, मे त्र्याहत्तर. चौकशी अहवाल आणि पंचनामे."

"अपघात?" चंदा म्हणाली.

"तुम्हाले माहीत नव्हतं?"

चंदानं नकारार्थी मान हलवली. 

"गोपनीय लिवलं हाय इथी," चंदानं सूचीवर बोट ठेवलं. "मले देतीन काय?"

"होतं गोपनीय. हा शिक्का पहा, वर्गीकरण रद्द. वीस वर्षं उलटली की बहुतेक कागद सुटतेच. पण कोणी मागितलं तर सुटलं, नाही तर पडून राहते." माधवीनं कोरा कागद पुढे केला. "लिहा. अहवालाची पाहणी आणि साक्षांकित नक्कल. काऊन, कुठं, कसं, काही लिहू नका."

चंदानं लिहिलं. आईचं नाव त्या अर्जात कुठंच आलं नाही.

अर्जाची मुदत गेली, उत्तर नाही. तिनं अपील टाकलं. दरम्यान हरभरा निघाला, गहू निघाला. चंदा पंजाबरावांच्या अंगणात तूर पाखडायला जाऊ लागली. तुरीचा भुसा डोळ्यांत, नाकात, ब्लाउजच्या आत जाई आणि घामावर चिकटे. चहा आला की तिचा स्टीलचा पेला वेगळ्या कोनाड्यातून यायचा. तो तिनंच धुवून तिथंच ठेवायचा, वर्षानुवर्षं.

आखाजी, पितरांच्या नावानं घागरी भरायची अक्षय्य तृतीया, जवळ आली, तेव्हा पंजाबरावांची बायको प्राजक्ता फोनवर कुंभाराला सांगत होती, "पाच घागरी. हो, पाच." फोन ठेवून ती चंदाकडे पाहून हसली. "घरचे मेलेले किती? आजेसासरा, आजेसासू, चुलतसासरा आन् मामंजी. चार. दरसाली सासूबाई घागरी पाच भरते. मोजनं चुकते तिचं."

"चुकत नाई," आतून पार्वताबाई म्हणाली.

"मंग पाचवी कोनाची, सांगा बरं?"

"तुही," पार्वताबाई म्हणाली. "बोलून बोलून मरशीन एक दिवस."

प्राजक्ता खो खो हसली. चंदाही हसली आणि सूप पुन्हा उचललं.

त्याच आठवड्यात पत्र आलं. आखाजीच्या आदल्या दिवशी, अकरा वाजता, पाहणीसाठी हजर राहावं.

अकोल्यात त्या दिवशी पारा चव्वेचाळीसच्या वर होता. अभिलेखाच्या खोलीत कूलर होता, पण त्याला पाणी नव्हतं, तो गरम हवाच फिरवत होता. माधवीनं फाइल टेबलावर ठेवली. दोऱ्या सोडल्या. टाचण्यांचा गंज कागदाला लागून प्रत्येक पानावर तपकिरी ठिपका पडला होता.

"पानं हळू उलटा. तुटते."

चंदानं साडीला हात पुसले. पहिल्या पानावर काठाची उंची, उतार, खोदाईची खोली. काठ उभा कापल्यामुळे आणि खालून पोखरल्यामुळे कोसळला, असं लिहिलं होतं. वेळ दुपारी पावणेतीन. सात मयत. तिनं नावांवरून बोट फिरवलं. चार पुरुष, तीन बायका. मनकर्णा नव्हती.

 एसटीला अजून अवकाश होता, म्हणून ती पंचनामे वाचू लागली. एका मयताला एक पान. उंची, बांधा, अंगावरचे कपडे, खुणा. पहिलं. दुसरं. तिसऱ्या पानावर एका म्हाताऱ्याच्या पायातला जोडा एकच असल्याचं लिहिलं होतं. चौथं. पाचवं.

'स्त्री. बांधा सडपातळ. हिरवे लुगडे, फाटके. डाव्या हाताच्या करंगळीचे वरचे पेर नाही, जखम जुनी व भरलेली. पदरास बांधलेली सुकडी, अंदाजे पावशेर.'

तिनं ती ओळ वाचली. मग आपला उजवा हात टेबलाखाली नेऊन, डाव्या हाताची करंगळी मुठीत धरली. आपली पूर्ण होती. मुठीतून टोक बाहेर आलं.

मग तिनं पानाच्या वरचं नाव पाहिलं. 'मयत क्रमांक ५. पार्वताबाई खुशालराव गावंडे. वय अंदाजे २२. गाव : नोंद नाही.'

"सापडलं का मावशी?" माधवीनं विचारलं.

"नाव नाई सापडलं," चंदा म्हणाली. "बोट सापडलं."

 चंदानं त्या पानाच्या दोन नकला मागितल्या.

परतीच्या एसटीत खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसत होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठी उतरता?" "अकोट," चंदा म्हणाली. पार्वताबाई खुशालराव गावंडे जिवंत होती. सकाळीच तिनं चंदाला अंगणातून जाताना विचारलं होतं, "एवढ्या उन्हाची कुठी वो?"

दुसऱ्या दिवशी आखाजी. चंदा दुपारी गावंड्यांच्या ओसरीशी गेली. गव्हाच्या राशींवर पाच घागरी मांडल्या होत्या, तोंडाशी एकेक आंबा. पार्वताबाई कुंकू लावत होती. चंदा पायरीखाली उभी राहिली आणि तिनं कागद पुढे केला.

"मले कुठी वाचता येते," पार्वताबाई म्हणाली. "प्राजक्ते, पाय बरं काय हाय."

प्राजक्तानं हात पुसून कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. "मयत क्रमांक पाच. पार्वताबाई खुशालराव..." ती हसत सुटली. "आई! तुमी त मेल्या हो! अवो, पाहा त, सरकारनं..."

पार्वताबाईचा हात घागरीवर होता. तो तिथंच राहिला. प्राजक्ताचं हसणं आपोआप थांबलं.

"फुडं वाच," पार्वताबाई म्हणाली.

प्राजक्तानं वाचलं. हिरवं लुगडं. करंगळी. सुकडी.

"लुगडं माहं होतं," पार्वताबाई म्हणाली. ती जमिनीवर बसली. "तिचं पार फाटलं होतं, मी देल्लं. पंजाब पंदरा दिसाचा होता. कामावर नाई गेलं त मस्टरवरचा नंबर कापत होते. तिले नंबरच भेटला नोयता. तीच आली माह्याकडं. म्हने, पार्वताबाई, तुह्या नावानं मी जातो, कामावर भेटनारी सुकडी अर्धी अर्धी. सारेच करत होते तसं."

"मंग?" चंदा म्हणाली.

"मंग काठ पडला. मुकादम रातोरात आला. पंजाबच्या बापाले म्हने, खोट्या नावाची बाई मेली म्हनून समजलं त तुमीबी आत जासान, मीबी जाईन. ह्याइनं माह्या लेकराच्या डोक्श्यावर माहा हात ठेवला. बोलशीन त पोरगं मरंन, म्हने." तिनं पदर तोंडाशी नेला, पण रडली नाही. "तुहा बाप येऊन इचारून गेला. मी लेकरू घेऊन दारातच उभी होती. पाचवी घागर तिची हाय, चंदे. बावन्न वर्स झाले. तुमच्यात घागर भरत नाई, मले ठाऊक हाय. मले दुसरं काय करता येत होतं?"

चंदाला अंजनगावचं दार आठवलं. 

"माह्या बापाले सांगा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं."

पंजाबराव दारात येऊन उभे होते. किती ऐकलं कुणास ठाऊक. ते पुढे आले आणि प्राजक्ताच्या हातातला कागद घेतला.

"आई, तू कुठी जाऊन नको राहू. चार एकर तुह्या नावावर हाय. कागदावर तू मेलेली निंघाली त उद्या तलाठी काय म्हनन? आन् चंदाबाई, आमी तुमाले काय कमी केलं? बारा महिने काम देल्लं. उद्यापासून नका येऊ."

"बरं," चंदा म्हणाली. "तो कागद ठेवा तुमच्याजोळ. मले दुसरा हाय."

पार्वताबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठली. तिनं पाचव्या घागरीवरचा आंबा काढला आणि घागर कमरेवर घेतली.

"आई!"

"तू हाईस ना जित्ता?" ती पंजाबरावांना म्हणाली. "बावन्न वर्साचा झाला. केस पिकले. आता नाई मरत तू."

विहाराच्या मागच्या ओळीत ती आयुष्यात आली नव्हती. उन्हात रस्ता निर्मनुष्य होता. घागर जड होती. चंदानं दोनदा हात पुढे केला, तिनं दिली नाही. पाणी हिंदकळून तिचं लुगडं कमरेपासून ओलं झालं. ओसरीत आल्यावर तिनं घागर खाली ठेवली आणि बाजेजवळ वाकली. देवमननं तिला ओळखलं आणि उठायची धडपड केली.

"बसा, देवमनदादा." मग हळू आवाजात, "मनकर्णा पयाली नोयती."

"काय?"

"आयकू येत नाई त्याइले," चंदा म्हणाली. "उजव्या कानाशी. जोऱ्यानं."

पार्वताबाईनं इकडेतिकडे पाहिलं. मग उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "मनकर्णा पयाली नोयती!" आवाज मध्येच फाटला.

"कोन पयालं?"

"मनकर्णा! पयाली नाई! मेली! खापरी नाल्यावर! माह्या नावानं! माह्या नावानं कामाले गेल्ती!"

समोरच्या घराचं दार उघडलं. मग शेजारचं. वामकुक्षीतून उठलेली माणसं उन्हाला हात आडवा धरून ओट्यांवर उभी राहिली. पार्वताबाई ओरडतच होती. करंगळी. लुगडं. मुकादम. एकेक गोष्ट दोनदा, तीनदा, पोचेपर्यंत. शेवटी तिला खोकल्याची उबळ आली आणि ती ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसली.

देवमन बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे पाहत होता. मग त्यानं उजव्या हाताच्या बोटानं डाव्या करंगळीचं वरचं पेर दाबलं.

"कडबा कापतानी तुटलं होतं," तो म्हणाला. "लग्नाच्या पयल्या साली."

चंदानं घागरीतून पेलाभर पाणी काढलं आणि त्याच्या हातात दिलं. आपल्या घरातला, रोजचा पेला. दुसरा भरून तिनं पार्वताबाईपुढे धरला. ती एक क्षण थांबली, मग घेतला.

देवमन पाणी प्यायला. बहिऱ्या माणसाच्या सपाट, मोठ्या आवाजात बोलू लागला. कुणासाठी ते कळत नव्हतं.

"मी गेलतो तिथी. बाबू बसला होता मांडवात. म्हने, मस्टरवर मनकर्णा नाई. मी म्हटलं, मेले त्याइचे नावं वाचा. त्यानं वाचले. गाव नाई, बापाचं नाव नाई, आडनाव नाई, नुसते नावं. सात. तवा मले साजरं आयकू येत होतं. पार्वताबाई म्हने तो. मी म्हटलं, असंन कोनाची तरी. आमची पार्वताबाई त घरी, बाळंतीन."

देवमननं रिकामा पेला बाजेखाली ठेवला.

"मनकर्णा नाई आलं त्यात," तो म्हणाला. "अकोटपावेतो मी पायी आलो, उन्हाचा. मले लय बरं वाटून राहिलं होतं."